खिंडीत गाठलेले पाणी

डोंगरांनी वेढलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याविषयी लिहायचे आणि सुरुवात लखनौजवळच्या अमौसीपासून करायची, हे जरा विचित्रच वाटेल. अमौसी म्हणजे लखनौचा विमानतळ. समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीची, नद्यांच्या गाळाने बनलेली सपाट जमीन. शंभर किलोमीटरच्या परिघात डोंगर म्हणावा असे काही नाही. पण याच कानपूर रस्त्याने थोडे पुढे गेले की बंथरा लागते. तिथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि ते मुद्दाम नापीक जमिनीवर उभारलेले आहे. या जमिनीला तिकडे ऊसर म्हणतात. आपल्याकडचा शेतकरी तिला चोपण म्हणेल. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी भुकटी फुलून येते, तिचे नाव रेह. पूर्वी धोबी ती गोळा करून कपडे धुवायला वापरत, कारण तिच्यात सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असते. आता बुलढाणा जिल्ह्यात लोणारला या. विवराच्या तळाशी साचलेल्या पाण्यात मुख्यतः हेच क्षार आहेत, सोबत साधे मीठ. तिथल्या क्षारांचे थर काढून विकण्याचा धंदा जुना. दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्यांच्या प्रतींची नावेसुद्धा होती आणि त्यांचा उपयोग साबणाला होई. एक जागा नजर पोहोचेल तिथवर सपाट, दुसरी चारी बाजूंनी कड्यांनी बंद. एक गाळाची, दुसरी काळ्या पाषाणाची. तरी दोन्हीकडे एकच दुखणे, कारण दोन्हीकडे पाणी येते आणि त्याला जायला वाट नाही.

डोंगरातल्या तळ्याचे वर्णन करताना आपण डोंगरांचे वर्णन करतो. किती उंच, किती हिरवे, पाण्यात कसे दिसतात. माझे म्हणणे असे, की तळ्याचा भूगोल डोंगरांत थोडा आणि डोंगरांमधल्या खिंडीत फार असतो. पाणी किती साठेल, किती खोल राहील, त्यात कोण जगेल आणि मुख्य म्हणजे ते गोड राहील की खारे होईल, हे सगळे त्या एका तोंडावर ठरते. यामागचे गणित साधे आहे. पावसाचे पाणी जवळजवळ निर्मळ असते. ते खडकावरून, मातीतून वाहत येताना थोडे थोडे क्षार उचलते. तळ्यात आलेले पाणी दोन रस्त्यांनी जाते, वाहून किंवा वाफ होऊन. वाहून जाणारे पाणी आपले क्षार घेऊन जाते. वाफ मात्र हात झटकून जाते. क्षार मागे ठेवते. पातेल्यात पाणी आटवत राहिले आणि वरून ओतत राहिले, तर पाण्याची पातळी तीच दिसेल, पण तळाला पांढरा थर धरेल. हजारो वर्षे तेच होत राहिले की लोणार होते. शिरोळ तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पाणी भरपूर आणि निचरा नाही, अशा त्याच्या रानात मीठ फुटले तेव्हा उपाय म्हणून त्याला जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरावे लागले, म्हणजे पाण्याला बाहेरची वाट करून द्यावी लागली.

लोणारचे विवर जवळजवळ गोल आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, खोली सुमारे 140 मीटर, तळाशी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचे पाणी. उल्का आदळल्याने ते झाले हे आता सर्वमान्य आहे. ती केव्हा आदळली याबद्दल मात्र सुमारे 52 हजार वर्षांपासून साडेपाच लाखांहून अधिक वर्षांपर्यंतचे आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी आले आहेत. या उल्केमुळेच एक आक्षेप निघतो. खारेपणाचे कारण बाहेरून आलेल्या त्या दगडात असेल, किंवा विवराच्या खडकात असेल. निचऱ्याला कशाला दोष द्यायचा? याला उत्तर लोणारच्याच काठावर आहे. ईशान्येच्या उतारावर धार नावाचा झरा आहे, गोमुखातून बारमाही पडतो, लोक तिथे स्नान करतात. ते पाणी गोड आहे. तेच पाणी शंभर-सव्वाशे मीटर खाली उतरून तळ्याला मिळते. खडक एकच, आकाश एकच, अंतर हाकेचे; फरक एवढाच की झऱ्याचे पाणी चालते आहे आणि तळ्याचे थांबले आहे. इकडे पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, आणि उघड्या पाण्यावरून वर्षात वाफ होते ती दीड मीटरहून अधिक. झरे नसते तर तळे केव्हाच आटले असते. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. पाणी आटून क्षार दाटले तशी त्यांना जोम आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. कड्यांची तटबंदी इतकी चोख असलेले तळे महाराष्ट्रात दुसरे नाही, आणि त्या चोखपणाची किंमत म्हणजे हा खारेपणा.

मग गोड्या पाण्याचे, डोंगरांनी वेढलेले नैसर्गिक तळे महाराष्ट्रात कुठे आहे? सह्याद्रीत असायला हवे असे कुणालाही वाटेल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोंगरांना तोटा नाही, दऱ्या खोल आहेत. पण सह्याद्रीत नाव घ्यावे असे मोठे नैसर्गिक सरोवर नाही. वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवला. भंडारदऱ्याचे पाणी कळसूबाई आणि रतनगडाच्या कुशीत इतके सहज बसले आहे की ते तिथे आधीपासूनच असावे असे वाटते. प्रत्यक्षात प्रवरेवरचे ते धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. मुळशी, पवना, कोयना, सगळीच धरणे. कारण असे, की तळे होण्यासाठी दरीचे तोंड कशाने तरी बंद व्हावे लागते आणि हिमालयात किंवा आल्प्समध्ये ते काम हिमनद्या करतात, भ्रंश करतात, दरडी करतात. सह्याद्रीवर हिमनद्या कधी सरकल्या नाहीत. इथला बेसाल्ट आडव्या थरांचा, आणि चार महिन्यांच्या तुफानी पावसाला लाखो वर्षे मिळालेली. त्या पावसाने प्रत्येक दरीला तोंड फोडून ठेवले आहे. डोंगर आहेत, पण सगळे फुटके. पाणी आले तसे गेले. म्हणजे लोणारला खिंड अजिबात नाही म्हणून पाणी खारे, आणि सह्याद्रीला खिंडीच खिंडी म्हणून पाणीच नाही. गोड्या तळ्याला हवी असते ती मधली अवस्था: अडलेली, पण पुरती बंद न झालेली खिंड.

ही अवस्था पाहायची तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात जावे लागते. नवेगावबांध तिथे आहे. इथे बेसाल्ट संपून गेलेला असतो. खडक फार जुना, रूपांतरित, आणि टेकड्या सह्याद्रीसारख्या कड्यांच्या नसून झिजून गोलावलेल्या. पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या घरातला. या टेकड्यांपैकी तळ्याभोवतीच्या सात जणींना लोक सात बहिणी म्हणतात. बहिणींनी हात धरलेले नव्हते, मध्ये फटी होत्या, आणि फटींतून पावसाचे पाणी वैनगंगेच्या खोऱ्याकडे निघून जात होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने या फटी मातीच्या पाळींनी बुजवल्या, अशी परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात या तळ्याचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि परीघ सतरा मैल दिला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून जरा हिशेब केला की गंमत कळते. पाच चौरस मैलांचे तळे लोणारसारखे गोल असते तर त्याचा परीघ आठ मैलही भरला नसता. इथे तो दुपटीहून जास्त आहे, कारण काठ सरळ नाहीच. पाणी दोन टेकड्यांच्या बेचक्यात शिरते, नाकासारख्या पुढे आलेल्या सोंडेला वळसा घालून बाहेर येते, परत पुढच्या बेचक्यात जाते. प्रत्येक बेचके म्हणजे एका नाल्याची बुडालेली दरी. तिथे पाणी उथळ, गाळ मऊ, पाणवनस्पती दाट, म्हणून मासे अंडी घालायला आणि पक्षी चरायला तिथेच. वनाधिकारी लेखक मारुती चितमपल्लींनी नोकरीच्या काळात या जंगलात जे पाहिले आणि पुढे मराठी वाचकाला दाखवले, त्यातले पुष्कळसे या तुटक्या काठामुळे शक्य झाले. काठाची लांबी हीच इथली संपत्ती आहे.

कोलू पाटलाला लोकांनी कोलासुर देव केले आणि तळ्याभोवतीच्या एका शिखरावर त्याचे ठाणे मांडले. माणसाचा देव होणे आपल्याकडे नवे नाही, पण बांधकाम करणाऱ्याचा देव क्वचितच होतो. कोहळी समाज मुळात तळी बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात वाकबगार. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला असताना यांचे पाणी खेळवण्याचे कसब पाहून त्याने त्यांच्या पूर्वजांना इकडे आणले, अशी कथा त्यांच्यात सांगतात. खरी-खोटी कशीही असो, गंगेच्या सपाट प्रदेशातली माणसे टेकड्यांच्या मुलखात येऊन तळी बांधतात ही कल्पना मला पटते. सपाट जमिनीवर निचरा चुकला तर काय होते हे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, त्याला पाणी अडवताना सोडण्याची वाट आधी सुचणार. मातीच्या पाळीचे वैर तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याशी असते. एका पुरात पाणी पाळीवरून गेले की ती कापली जाते. म्हणून कसबी माणूस पाळ घालण्याआधी जास्तीचे पाणी कुठून जाईल ते पाहतो आणि शक्यतो पाळीपासून दूर, कठीण खडकाच्या कुशीत सांडवा ठेवतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. शतकांपूर्वीच्या मातीच्या पाळींपैकी कितीतरी आजही उभ्या आहेत याचे श्रेय पाळीइतकेच सांडव्याला आहे.

इथे एखादा भूगोलाचा शिक्षक हरकत घेईल, की माणसाने बांधलेल्या तलावाला नैसर्गिक सरोवराच्या पंक्तीला बसवणे बरोबर नाही. नवेगाव ही वास्तू झाली, भूरूप नव्हे. हरकत वरवर बिनतोड आहे. पण नैसर्गिक म्हणवणारी तळी जवळून पाहिली तर सीमारेषा पुसट होत जाते. लखनौच्या लोकांचे हक्काचे डोंगरातले तळे म्हणजे नैनिताल. संयुक्त प्रांताचे सरकार उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला जाई आणि 9 नोव्हेंबर 2000 पर्यंत ते उत्तर प्रदेशातच होते. साडेएकोणीसशे मीटरांच्या आसपास उंची, अर्ध्या चौरस किलोमीटरला थोडे कमी पाणी, सर्वांत खोल जागी 27 मीटर. एकोणिसाव्या शतकात काही भूवैज्ञानिकांना ही हिमनदीची करणी वाटली होती. पुढे जे चित्र स्पष्ट झाले ते असे: जमिनीतल्या भ्रंशाने दरी तयार केली आणि डोंगरावरून कोसळलेल्या दरडींच्या राडारोड्याने तिचे तोंड बुजवले. म्हणजे कोलू पाटलाने मजूर लावून जे केले तेच इथे दरडींनी केले. आणि जास्तीचे पाणी बलिया नाल्याने निघून जाते, म्हणून तळे गोड. त्या तोंडाशी, तल्लीतालच्या डाँठवर, ब्रिटिश काळापासून दरवाजे आहेत आणि पातळी किती ठेवायची हे माणसे ठरवतात. तेव्हा दरी निसर्गाची, बूच निसर्गाचे, तोटी माणसाची. याला नैसर्गिक म्हणायचे की बांधीव? ज्या दरडींनी तळे घडवले त्यांनीच 18 सप्टेंबर 1880 रोजी शेर का डांडा डोंगराचा उतार खाली आणला आणि 151 माणसे गाडली गेली. त्यानंतर उतारांवर नाल्यांचे जाळे बांधले गेले, डोंगरात पाणी मुरून बसू नये म्हणून. निचऱ्याचा धडा तिथे तळ्यापुरता राहिला नाही, डोंगरालाही लागू झाला. हे सारे पाहता, खिंड कुणी बुजवली हा इतिहासाचा प्रश्न आहे. बुजल्यावर पाणी कसे वागते हा भूगोलाचा, आणि त्यात पाण्याने माणूस आणि दरड असा भेद केलेला दिसत नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एक सरोवर आहे, क्रेटर लेक. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा माथा आत कोसळून झालेल्या खळग्यात ते साठले. खोली 594 मीटर. त्यात नदी येत नाही आणि त्यातून नदी निघत नाही. कडे लोणारइतकेच बंद. तरी पाणी गोड, इतके नितळ की त्याचीच ख्याती. मग खिंडीचा सिद्धान्त कोसळला म्हणायचा का? नाही, पण त्याला दुरुस्ती हवी. तिथे बर्फ प्रचंड पडते आणि पाण्याचा मोठा वाटा ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून झिरपून निघून जातो. वाट आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. याच्या उलट उदाहरण लडाखचे. पँगाँगचे पाणी एके काळी श्योक नदीकडे वाहत होते. ते तोंड बंद झाले, पाऊस नगण्य, ऊन आणि वारा भरपूर; आज पँगाँग खारे आहे. डोंगर तेच राहिले, पण दार लागले. तेव्हा नेमके बोलायचे तर असे म्हणावे लागेल, की तळ्याचा गोडवा बाहेर जाणारे पाणी आणि वाफ होणारे पाणी यांच्या प्रमाणावर ठरतो. बाहेरची वाट खिंडीतून असो, खडकातून असो. पाऊस धो धो असेल तर छोटी वाटही पुरते, कोरड्या मुलखात मोठी वाटही अपुरी पडते. सिद्धान्त थोडा गुंतागुंतीचा झाला, पण मोडला नाही.

तोंडाचे हे महत्त्व जुन्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत असावे. काश्मीरचे खोरे म्हणजे पूर्वी सतीसर नावाचे अथांग सरोवर होते आणि डोंगर फोडून ते रिते केले गेले, अशी नीलमत पुराणातली कथा. कथा बाजूला ठेवली तरी खोऱ्याच्या कडेला करेवा नावाचे जे पठारी थर आहेत, ज्यांवर आज केशर पिकते, त्यांत प्राचीन सरोवराचा गाळ आहे हे भूशास्त्र मान्य करते. झेलम बारामुल्लाच्या खिंडीतून बाहेर पडते आणि अख्ख्या खोऱ्याचे भवितव्य त्या खिंडीवर. नवव्या शतकात अवंतिवर्म्याच्या कारकिर्दीत दगडधोंड्यांनी नदी तुंबली, वुलरचे पाणी पसरून शेते बुडाली, दुष्काळ पडला. कल्हणाने राजतरंगिणीत लिहिले आहे, की सुय्य नावाच्या माणसाने नाण्यांनी भरलेली मडकी नेऊन तुंबलेल्या पात्रात पैसे फेकले. लोक वेडा म्हणाले. पण पैशांसाठी उपाशी लोकांनी पाण्यात उतरून दगड उपसले आणि नदी मोकळी झाली. रोजगार हमीची इतकी झटपट योजना नंतर कुणाला सुचल्याचे दिसत नाही. सोपोर हे गाव त्याच सुय्याच्या नावाचे.

आता आजचा प्रश्न. कुणी म्हणेल, ही क्षारांची गोष्ट हजारो वर्षांच्या हिशेबाची. आजच्या तळ्यांची दुखणी सांडपाणी, गाळ, बेशरमीची झुडपे आणि प्लास्टिक ही आहेत, त्यांचा खिंडीशी काय संबंध? हे बऱ्याच अंशी खरे आहे. नैनितालमध्ये 2007 पासून पाण्यात हवा सोडणारी यंत्रे चालवावी लागतात, ती शहरातून उतरणाऱ्या घाणीमुळे. ते तोंडाचे पाप नाही. पण संबंध मुळीच नाही असेही नाही, आणि त्यासाठी मणिपूरचे लोकटाक पाहावे. हेही डोंगरांच्या कोंदणातले गोडे सरोवर. त्यावर फुमदी नावाची तरंगती बेटे असतात, कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थरांची. उन्हाळ्यात पाणी उतरले की ही बेटे तळाला टेकत, त्यांवरच्या झाडांची मुळे चिखलात जात, पोषण घेत. पावसात परत वर येत. वर्षाच्या या चढउतारावर केबुल लामजाओचे राष्ट्रीय उद्यान आणि तिथले सांगाई हरीण तगून होते. 1983 मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी सरोवराच्या निकासावर इथाईचा बंधारा आला आणि पातळी वर्षभर चढी राहू लागली. बेटे बारमाही तरंगू लागली, तळाचे पोषण तुटले, थर पातळ होत गेले. हरणाचे वजन पेलायची त्यांची ताकद कमी झाली. 1993 मध्ये हे सरोवर संकटग्रस्त पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत गेले. पाणी खारे झाले नाही. पाण्याची बेरीज-वजाबाकीही फारशी बिघडली नाही. बिघडले ते वेळापत्रक. खिंड फक्त क्षार बाहेर टाकत नाही, ती तळ्याला ऋतू देते. आणि ऋतू गेला की काठावर उगवणाऱ्या, चरणाऱ्या, अंडी घालणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब चुकतो.

तोंड बंद करण्यापेक्षाही विलक्षण गोष्ट आपण सह्याद्रीत केली आहे: तोंड फिरवले आहे. कोयना पूर्वेकडे जाणारी, कृष्णेला मिळणारी नदी. शिवसागर या धरणाच्या जलाशयात तिचे 105 अब्ज घनफूट पाणी मावते आणि त्यापैकी वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा लवादाने दिलेली आहे. ते डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी कोकणात पडते, वीज करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. मार्च 1999 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2012 मध्ये भरल्या जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून खालून छिद्र पाडले गेले. निसर्गाने सह्याद्रीची पूर्व बाजू फोडली होती, आपण पश्चिम फोडली. मुळशीचे पाणीही असेच भिऱ्याला उतरते आणि त्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. तळ्याचे तोंड कुठे ठेवायचे हा प्रश्न कधीच नुसता अभियंत्याचा नव्हता.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो महाराष्ट्रात हटकून येतो. दुष्काळी राज्यात सांडव्याचे कौतुक कसले करता? थेंब थेंब अडवायचा, की वाहून जाऊ द्यायचा? समुद्राला मिळणारे पाणी वाया गेले, हे वाक्य आपल्या सभांतून इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते कुणी तपासत नाही. पूर्व विदर्भातली जुनी तळी मात्र ते तपासून पाहायला मदत करतात. ती एकेकटी नाहीत; वरच्या तळ्याच्या सांडव्यातून निघालेले पाणी पुष्कळदा खालच्या तळ्यात जाते, मध्ये भाताच्या बांध्या भरते. वरच्याचे जास्तीचे ते खालच्याचे येणे. वरच्या गावाने सांडव्यावर दोन हात भर टाकली की खालचे तळे रिते राहते आणि मागे पाणी चढून काठची शेते बुडतात, म्हणजे दोन गावांशी एकदम भांडण. पहिल्या पुरात मासे याच वाटेने वर चढतात. सांडव्याला उभी काँक्रीटची भिंत घातली की ढीवरांच्या जाळ्यात येणारे वाण कमी होते. अडवायचे की सोडायचे असा हा वाद नाहीच. कोणत्या उंचीवर सोडायचे हा आहे, आणि ती उंची ठरवताना भात पिकवणारा, मासे धरणारा, काठावर कसणारा आणि खालचे गाव अशा सगळ्यांना समोर बसावे लागते.

मालगुजारीत, म्हणजे इकडच्या जुन्या जमीनदारीत, ही बैठक, बरीवाईट कशीही, होत असे; मालगुजार बळजोरी करी, पण पाळ फुटली तर नुकसान त्याचेही होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तळी सरकारकडे आली, लहान जिल्हा परिषदेकडे आणि मोठी पाटबंधारे खात्याकडे. लोक त्यांना आता माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नवेगावच्या भोवतीचे जंगल 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, 2013 च्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. त्यामुळे एकाच पाण्यात आता वनखाते, पाटबंधारे, मासेमारी करणारे आणि शेतकरी अशा सगळ्यांचा पाय आहे. तळ्यांसाठी पैसा येतो तो बहुधा गाळ काढायला किंवा काठ सुशोभित करायला येतो. गाळाचे घनमीटर मोजता येतात, बाकांचे आणि दिव्यांचे फोटो निघतात. सांडव्याच्या उंबऱ्याची उंची चार बोटे वाढली की घटली, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. ते कळते पहिल्या मोठ्या पावसात, खालच्या गावच्या लोकांना.